व्हिडिओ गेममध्ये गेलेल्या तासांचा नोकरीत काय उपयोग?

नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका तरुणाने विचारले आहे: शाळेत असल्यापासून व्हिडिओ गेम खेळण्यात माझे हजारो तास गेले. घरच्यांच्या मते ते वाया गेले, मित्रांच्या मते त्यातून ‘स्किल’ मिळाले. आयुष्यात आणि करिअरमध्ये उपयोगी पडेल असे त्यातून खरोखर काही मिळते का, आणि मुलाखतीत त्याचा उल्लेख करावा का?

मी गेम डिझाइनच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करतो आहे आणि त्या कामासाठी माणसे निवडण्याची जबाबदारीही माझ्याकडे असते. त्यामुळे गेम माणसाला कसा शिकवतो हे मला आतून ठाऊक आहे, आणि शिकलेले कामाच्या ठिकाणी कितपत उतरते हेही रोज पाहायला मिळते. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र ज्या कारणांसाठी सहसा ‘हो’ म्हटले जाते ती मला फारशी पटत नाहीत, तेव्हा आधी त्यांचाच समाचार घेतो.

गेम खेळल्याने मेंदू तल्लख होतो, एकाग्रता वाढते, निर्णय झटपट घेता येतात, असे सांगितले जाते. याला आधार अगदीच नाही असे नाही. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की, अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांना डोळ्यांसमोरच्या गर्दीतून नेमके हवे ते टिपणे अधिक चांगले जमते. २००७ मध्ये ३३ शल्यचिकित्सकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांनी ते काम २७ टक्के लवकर उरकले, असे त्यात आढळले. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली म्हणजे, मुळातच हाताने चपळ असलेली माणसे गेमकडे अधिक वळत असतील ही शक्यता त्यातून जात नाही. दुसरी म्हणजे, पडद्याकडे पाहत हातातली उपकरणे हलवणे हे काम गेमच्या फार जवळचे आहे. जिओव्हानी साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा गेमच्या सरावाने एकूण बौद्धिक क्षमता वाढते याला त्यांना म्हणण्यासारखा पुरावा मिळाला नाही. थोडक्यात, जवळच्या कामाला फायदा होऊ शकतो, दूरच्या कामाला जवळजवळ नाही. निस्सान आणि प्लेस्टेशन यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या, एका गेमवर खेळल्या जाणाऱ्या ‘जीटी अकॅडमी’ या स्पर्धेतून लुकास ऑर्दोन्येससारखे खेळाडू खऱ्या शर्यतीत उतरले, आणि २०११ च्या ‘ल मां’ शर्यतीत ऑर्दोन्येसचा संघ आपल्या गटात दुसरा आला, हे खरे आहे. पण तो गेमही मोटार शर्यतीचाच होता, आणि विजेत्यांना खऱ्या गाडीत बसवून कसून प्रशिक्षण दिल्यावरच शर्यतीचा परवाना मिळाला होता. तेव्हा नेमबाजीचा गेम उत्तम खेळता म्हणून ताळेबंद उत्तम वाचता येईल, अशी आशा धरू नये.

मग उपयोग कशाचा होतो? माझ्या मते, शिकणे नेमके कसे घडते याचा जो प्रदीर्घ अनुभव खेळाडूच्या गाठीला असतो, त्याचा. हे नीट समजण्यासाठी १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली पातळी आठवून पाहा. सुरुवातीलाच समोरून एक तपकिरी शत्रू चालत येतो. नवखा खेळाडू त्याला धडकतो, एक जीव जातो आणि काही सेकंदांत तो पुन्हा आरंभाला उभा असतो. आता तो उडी मारतो, आणि उडी मारताना डोके वरच्या चमकणाऱ्या ठोकळ्यावर आपटून नाणे मिळते. पुढच्या ठोकळ्यातून अळंबी बाहेर पडते, ती उजवीकडे सरकते, पाइपला आपटून पुन्हा खेळाडूकडे येते, आणि तिला शत्रू समजून टाळू पाहणाऱ्यालाही ती बहुधा लागतेच. लागली की मारिओ मोठा होतो. सूचनेचा एक शब्दही न वाचता खेळाडू काय टाळायचे, काय घ्यायचे आणि उडीचा उपयोग काय हे अर्ध्या मिनिटात शिकलेला असतो. यामागे योजना असते. कुठे जायचे ते स्पष्ट असते, केलेल्या कृतीचे फळ त्याच क्षणी दिसते, आणि चूक झाली तर तिची किंमत काही सेकंदांची असते.

कार्यालयात यातले एकही जागेवर नसते. उद्दिष्ट मोघम असते, घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे सहा महिन्यांनी कळते किंवा कधीच कळत नाही, आणि चूक महागात पडेल या धास्तीने माणूस प्रयोग करायलाच धजावत नाही. हजारो तास गेम खेळलेल्या माणसाला या तीन गोष्टी हजर असताना आपण किती भराभर शिकतो हे अनुभवाने माहीत असते. त्या नसतील तिथे त्या स्वतःच उभ्या करायच्या असतात, हे ज्याच्या लक्षात येते, त्याच्या गेमिंगचे चीज होते. मी काम देताना पाहतो: दोन आठवड्यांचे काम हाती घेऊन दोन आठवड्यांनी थेट पूर्ण वस्तू समोर ठेवणारे बरेच असतात, आणि दुसऱ्याच दिवशी ओबडधोबड नमुना घेऊन येऊन ‘दिशा बरोबर आहे का?’ असे विचारणारे थोडे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने आपल्यासाठी तत्काळ प्रतिसाद आणि स्वस्त चूक या दोन्हींची सोय करून घेतलेली असते.

याच संदर्भात मला सर्वांत मोलाची वाटणारी सवय म्हणजे हरलेल्या सामन्याचा रीप्ले, म्हणजे गेमने आपोआप ठेवलेली नोंद, पुन्हा पाहण्याची. ‘स्टारक्राफ्ट २’ हा सैन्य उभारून लढण्याचा गेम खेळणाऱ्याला हा अनुभव हमखास आलेला असतो. दहाव्या मिनिटाला मोठी लढाई होते, आपले सैन्य संपते आणि आपण हरतो. मनात हिशेब तयार असतो की, लढाईत सैन्य नीट हलवले नाही म्हणून हरलो. रीप्ले मात्र वेगळीच हकिकत सांगतो. या गेममध्ये टेरन बाजूने खेळताना सैन्य वाढवायचे तर आधी सप्लाय डेपो बांधावे लागतात, आणि एका डेपोमागे सैन्याची मर्यादा आठने वाढते. रीप्लेमध्ये दिसते की, चौथ्या मिनिटाला एक डेपो वेळेवर बांधायचा राहिला, त्यामुळे सगळे कारखाने अर्धा मिनिट हात बांधून बसले, त्या काळात साठलेले पैसे खर्च करण्याच्या नादात पुढचा तळ उशिरा उभा राहिला, आणि दहाव्या मिनिटाला शत्रूपुढे उभे ठाकलेले आपले सैन्य मुळातच लहान होते. लढाई कितीही कौशल्याने लढलो असतो तरी निकाल बहुधा तोच लागला असता. म्हणून चांगला खेळाडू रीप्ले पाहताना शेवटच्या लढाईवर थांबत नाही, तो मागे मागे जात पहिली फट शोधतो.

नोकरीत हेच करायला माणसे सांगूनही तयार होत नाहीत. एखादे काम मुदतीत झाले नाही की सारी चर्चा शेवटच्या आठवड्याभोवती घोटाळते: कोण रजेवर होता, कोणी रात्री थांबायला नकार दिला. खरे कारण बहुतेक वेळा दोन महिने मागे, कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या एखाद्या दिवशी दडलेले असते. ग्राहकाकडून एका बाबीला लेखी होकार यायचा होता, तो कोणी मागितला नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक जण अंदाजावर काम करत राहिला. गेममध्ये रीप्लेची फाइल आयती मिळते, कामात ती स्वतः लिहावी लागते. मी नव्या लोकांना रोज दोन-तीन ओळी टिपून ठेवायला सांगतो: आज काय ठरवले, का ठरवले, काय गृहीत धरले. हे ‘का’ महत्त्वाचे, कारण निकाल कळल्यावर आपली स्मरणशक्ती बेमालूमपणे आपल्या बाजूने साक्ष देऊ लागते.

रीप्लेचा दुसरा गुण असा की त्यात दोष देण्याला वाव कमी असतो. सांघिक गेममध्ये हरल्यावर ‘टीमच बेकार होती’ हे वाक्य चॅटमध्ये किती वेळा उमटते ते सांगायला नको. पण रँक वाढवण्याची खरी इच्छा असलेला खेळाडू एवढे जाणतो की, शेकडो सामन्यांत टीममधली माणसे बदलत राहतात आणि न बदलणारा एकच असतो.

रँकचा विषय निघालाच आहे तर सामने जुळवण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिच्याबद्दल खेळाडूंमध्ये फार गैरसमज आहेत. ऑनलाइन गेम तुम्हाला साधारण तुमच्या ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे करतात. बुद्धिबळातल्या ईलो गुणांकनासारखेच हे गणित आहे. जिंकलात तर गुण वाढतात आणि पुढचा प्रतिस्पर्धी अधिक तगडा मिळतो. परिणामी बहुतेक खेळाडूंचे विजयाचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, आणि तुम्ही सुधारत असलात तरी अर्धे सामने हरतच राहता. हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्याला एका नकाराने खचून जाण्याचे कारण उरत नाही. मात्र बाहेरच्या जगात तुमच्या तोलाचा प्रतिस्पर्धी शोधून देणारी यंत्रणा नसते, ही त्याची दुसरी बाजू आहे. पहिल्याच नोकरीत तुमची गाठ वीस वर्षे मुरलेल्या माणसाशी पडू शकते, किंवा उलट, तुम्ही अशा जागी अडकता जिथे प्रत्येक सामना सहज जिंकता. दुसरी परिस्थिती पहिलीपेक्षा अधिक धोक्याची आहे, आणि ती सुखाची वाटत असल्याने ओळखूही येत नाही.

शक्यतांचा अंदाज ही गेममधून मिळणारी आणखी एक ठोस गोष्ट. २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये गोळी झाडण्यापूर्वी ती लागण्याची शक्यता पडद्यावर टक्क्यांत दिसते. पंच्याण्णव टक्के दाखवूनही गोळी हुकली की खेळाडू गेमला लबाड ठरवतात. वस्तुस्थिती अशी की, वीसांत एकदा ती हुकायलाच हवी, आणि सोप्या पातळ्यांवर तर हा गेम गुपचूप खेळाडूच्या बाजूने झुकतो. ‘सिव्हिलायझेशन’चे जनक सिड मायर यांनी २०१० मधल्या एका व्याख्यानात सांगितले होते की, तीनास एक अशी अनुकूल लढाई हरणे खेळाडूंना अन्याय वाटतो आणि तशी लढाई लागोपाठ दोनदा हरणे तर त्यांना सहनच होत नाही, म्हणून त्यांना गेममधले गणित लोकांच्या भावनेशी जुळवून घ्यावे लागले. आम्ही डिझायनर खेळाडूंच्या या स्वभावाचे लाड पुरवतो, आयुष्य पुरवत नाही. अशा गेममध्ये मुरलेला खेळाडू ‘गोळी हुकली तर पुढे काय’ हे आधी ठरवतो, सैनिकाला आडोशाला उभे करतो आणि मगच नेम धरतो. हाच विचार कामाच्या नियोजनात आणून पाहा. एकमेकांवर अवलंबून असलेले चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा वेळेत होण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे, तर सगळे काम वेळेत होण्याची शक्यता सुमारे एक्केचाळीस टक्केच उरते. बैठकीत मात्र ‘प्रत्येक टप्पा बहुधा होईलच’ असे म्हणत सगळे माना डोलावतात.

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांची एक सवय इथे सांगण्यासारखी आहे. ‘फायनल फँटसी’सारख्या गेममध्ये ‘इलिक्सर’ नावाचे दुर्मीळ औषध मिळते, जे सगळी ताकद एका घोटात भरून काढते. खेळाडू ते ‘पुढे जास्त गरज लागेल’ म्हणून राखून ठेवतो, आणि अखेरचा शत्रू पडतो तेव्हा पिशवीत ती सगळी औषधे तशीच शिल्लक असतात. ओळखीच्या माणसाकडे मदत मागणे, साठलेली रजा घेणे, वरिष्ठांकडे एखादी स्पष्ट मागणी करणे, हे पुष्कळ जण अशाच रीतीने राखून ठेवतात. यातले बरेचसे साठवून वाढत नाही.

कारखाना उभारण्याचा ‘फॅक्टोरिओ’ हा गेम मी नव्या व्यवस्थापकांना आवर्जून खेळायला सांगतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. या गेममध्ये संशोधन मंदावले की नवखा खेळाडू आणखी प्रयोगशाळा बांधतो. त्याने काहीच फरक पडत नाही, कारण प्रयोगशाळा आधीच रिकाम्या बसलेल्या असतात. माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून उलट दिशेने चालत गेले की कळते की, हिरव्या सर्किटांचा पुरवठा अपुरा आहे. आणखी मागे गेले की दिसते, सर्किट जोडणारी यंत्रेही रिकामीच आहेत. एका सर्किटला लोखंडाचा एक पत्रा आणि तांब्याच्या तीन तारा लागतात, आणि तारा पुरेशा येत नाहीत, कारण तांब्याची भट्टी कमी पडते आहे. दोष पडद्याच्या दुसऱ्या टोकाला आणि लक्षण इथे, हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिला की संस्थेतही तो दिसू लागतो. विक्री कमी म्हणून विक्रीची माणसे वाढवली जातात, आणि अडचण असते ती मालाची डिलिव्हरी उशिरा होण्यात. हा गेम आणखी एक कटू गोष्ट शिकवतो: एक अडथळा दूर केला की दुसरा उघडा पडतो, आणि तो पहिल्याच्या आड कायमच होता. पहिल्या दुरुस्तीने सगळे सुरळीत होईल असे वरिष्ठांना सांगून बसू नये, एवढे तारतम्य यातून नक्की येते.

माणसांबरोबर काम करण्याच्या बाबतीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने जे दाखवले ते अनेक व्यवस्थापन प्रशिक्षणांत सापडत नाही. २००४ मध्ये आलेल्या या गेमच्या मूळ आवृत्तीत मोठ्या मोहिमांना चाळीस खेळाडू लागत. शत्रूचे लक्ष स्वतःवर खेचून मार झेलणारा ‘टँक’, जखमा भरणारे ‘हीलर’ आणि हल्ला करणारे बाकीचे, अशी विभागणी असे. यातला एक बारकावा मला फार शिकवून गेला. प्रत्येक हल्ल्यागणिक शत्रूच्या मनात त्या खेळाडूविषयी ‘थ्रेट’ साठत जातो आणि ज्याचा थ्रेट सर्वाधिक, त्याच्यावर शत्रू तुटून पडतो. हल्लेखोराने उत्साहाच्या भरात टँकपेक्षा जास्त थ्रेट जमवला की शत्रू वळतो, त्याला एका फटक्यात लोळवतो, आणि पाठोपाठ शेजारी उभे असलेलेही पडतात. म्हणजे एका माणसाने आपली सर्वोत्तम कामगिरी सर्वांत आधी केल्यामुळे सगळा संघ कोसळतो. तुम्ही नव्या संघात रुजू झाला असाल आणि पहिल्याच आठवड्यात सगळे बदलून टाकण्याची उमेद बाळगून असाल, तर हे आठवावे.

अशा मोहिमेत मिळालेली एखादी मौल्यवान तलवार चाळिसांपैकी कोणाला द्यायची, यावरून गट फुटत. त्यावर खेळाडूंनी स्वतःच उपाय शोधला: हजेरी आणि सहभागाबद्दल गुण द्यायचे, आणि वस्तू हवी असेल तर ते गुण खर्च करायचे. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये जन्मलेल्या या पद्धतीला डीकेपी (ड्रॅगन किल पॉइंट्स) म्हणतात. नियम आदर्श नव्हते, पण ते मोहिमेआधी सर्वांना ठाऊक असत, आणि भांडण टळण्याला तेवढे पुरे होते. बोनस वाटताना हेच विसरले जाते. ज्याने अशा गटाचे हिशेब वर्षभर सांभाळले आहेत, चाळीस लोकांच्या वेळा जुळवल्या आहेत आणि रुसलेल्या हीलरची समजूत काढून त्याला परत आणले आहे, त्याने पगार न घेता व्यवस्थापकाचेच काम केले आहे.

कंटाळवाण्या कामांकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या लढायांच्या ऑनलाइन गेममधले आहे. जानेवारी २०१४ मध्ये एका आघाडीकडून आपल्या ताब्यातल्या एका सूर्यमालेचे नियमित शुल्क वेळेवर भरले गेले नाही, ताबा मोकळा झाला, आणि शत्रू चालून आला. जवळजवळ एकवीस तास लढाई चालली, हजारो खेळाडू तिच्यात उतरले आणि त्या गेममधली सर्वांत प्रचंड अशी ७५ ‘टायटन’ जहाजे नष्ट झाली. जी उभी करायला अनेकांचे महिनोन्‌महिने जातात ती ही जहाजे. परवान्याचे नूतनीकरण, बॅकअप, विम्याचा हप्ता अशा कामांची नोंद कोणाच्या नावे आहे, हे मी त्या प्रकरणानंतर अधिक बारकाईने पाहू लागलो.

कौशल्याच्या मर्यादेविषयी ‘टेट्रिस’ची गोष्ट सांगतो. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी आलेल्या आवृत्तीत २९ वी पातळी ही शेवटची मानली जाई. तिथे तुकडा सेकंदाच्या सुमारे एकतृतीयांशात तळाला पोहोचतो आणि बटण दाबून धरले तर तो कडेपर्यंत सरकतच नाही. २०११ मध्ये थॉर आकरलुंड याने बटण दाबून धरण्याऐवजी अंगठा थरथरवत ते अतिवेगाने दाबून ३० वी पातळी गाठली. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की, बटणावर एक बोट हलके टेकवून कंट्रोलरच्या पाठीवर बाकीच्या बोटांनी ओळीने टिचक्या मारल्या तर वेग आणखी वाढतो. डिसेंबर २०२३ मध्ये एक तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोहोचला आणि गेमच बंद पडला. त्या मुलाच्या मेहनतीला तोड नाही, पण बटण दाबण्याची नवी रीत त्याला आयती मिळाली होती, आणि गेम कोणत्या परिस्थितीत बंद पडू शकतो याच्या याद्या इतरांनी कोड वाचून आधीच तयार ठेवल्या होत्या. इतकी वर्षे जी भिंत वाटत होती ती अधिक सरावाने पडली नाही, कंट्रोलर धरण्याची पद्धत बदलल्याने आणि ती पद्धत सर्वांना मोकळेपणाने सांगितल्याने पडली. एकाच कामात वर्षानुवर्षे त्याच वेगावर अडकलेल्या माणसाने अधिक तास घालण्याआधी, आपण बटण धरतो कसे हे तपासावे.

आता गेम चुकीचे काय शिकवतात तेही सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याचा अधिकार आम्हा डिझायनरांना जरा जास्तच आहे. गेममध्ये खर्चलेला प्रत्येक तास कुठल्या तरी पट्टीवर दिसतो. अनुभवाचे गुण वाढतात, पातळी चढल्याचा आवाज होतो, रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. ही सगळी योजना तुम्ही परत यावे म्हणून केलेली असते, तुम्ही सुधारावे म्हणून असेलच असे नाही. या सवयीचा माणूस नोकरीतही मोजता येणारीच कामे शोधतो. ईमेल संपवतो, तिकिटे (नोंदवलेली छोटी कामे) बंद करतो, आणि ज्या कामाला पट्टीच नाही, म्हणजे विचार करणे, नाते जोडणे, एखादा अवघड विषय मुळापासून शिकणे, ते मागे पडत जाते. बढतीलाही तो पुढच्या पातळीसारखे समजतो: ठरलेले गुण जमले की ती मिळणारच. ती तशी मिळत नाही, आणि त्यातून येणारी कटुता मी हुशार मुलांमध्येच अधिक पाहिली आहे. गेम न्याय्य असतो, कारण तो न्याय्य असावा म्हणून कोणीतरी महिनोन्‌महिने आकडे जुळवलेले असतात.

शिवाय हे सर्व विवेचन गेम तुमच्या ताब्यात असेल तरच लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न उरणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा त्याला प्राधान्य देणे आणि नुकसान होत असूनही थांबता न येणे ही त्याची लक्षणे असून, निदानासाठी ती साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. खूप वेळ खेळणे म्हणजे हा विकार नव्हे, पण लक्षणे ओळखीची वाटत असतील तर करिअरचा सल्ला बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

राहिला मुलाखतीचा प्रश्न. ‘मला गेम खेळायला आवडतात, त्यातून मी टीमवर्क शिकलो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानाआड जाते. रँकही सांगू नका, समोरच्याला तिचे मोल कळत नाही आणि कळले तरी तिचा कामाशी संबंध तुम्हालाच लावून दाखवावा लागतो. तुम्ही गेमच्या भोवती काय केलेत ते सांगा. गट चालवला असेल तर तो किती जणांचा होता, कोणते नियम केले, कोणता वाद कसा मिटवला. मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेला बदल, बनवला असेल तर तो लोकांना वापरायला दिल्यावर काय तक्रारी आल्या आणि त्यांचे काय केले. सामन्यांच्या नोंदी ठेवून आपल्या खेळातला एखादा दोष शोधला असेल तर ती पद्धत. गेमचे नाव घेतल्यास एका वाक्यात तो काय आहे ते सांगा आणि लगेच कामाच्या भाषेत या, कारण मुलाखत घेणारा कधीही न खेळलेला असू शकतो. आणि पुढचा प्रश्न काय येईल याची तयारी ठेवा. मी तरी नेहमी हाच विचारतो: तुमच्या गटातून कोण सोडून गेले, आणि का?